पावसाचं पाणी आणि सातव्या मजल्यावरचे सभासद

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाणे पूर्वेला, खाडीपासून फार लांब नसलेली सात मजली इमारत. 42 सदनिका, त्यातल्या सहा तळमजल्यावर, बाकी तळमजला स्टिल्ट पार्किंग, म्हणजे खांबांमधली गाड्यांची मोकळी जागा. 26 जुलै 2005 च्या पावसात तळमजल्याच्या घरांत पाणी होतं, त्यानंतर दोनदा स्टिल्टपर्यंत आलं. तुम्ही सेक्रेटरी. खर्चाचा विषय सभेत काढला की वरचे सभासद म्हणतात, "26 जुलै शंभर वर्षांतून एकदा येतो, तो येऊन गेला." एका कंत्राटदाराने कंपाउंडची भिंत पाच फूट करून लोखंडी फाटक बसवण्याचं कोटेशन दिलंय. ते घ्यावं का, आणि हवामान बदलाचा धोका सभासदांना कसा पटवावा, हे तुम्हाला हवंय.

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो. पटवायला जाऊ नका. "हवा बदललीय, पाऊस पूर्वीसारखा राहिला नाही" हे तुमच्या 42 पैकी 42 घरांत रोज बोललं जातं, अविश्वास कुणाचाच नाही. अडचण अशी की प्रत्येक जण धोका आपल्या मजल्यावरून मोजतो. तळमजल्यावरच्या आजींना 2005 नंतर महिनाभर न गेलेला वास आठवतो. सातव्या मजल्यावरच्याला त्या दिवशी ऑफिसमध्ये काढलेली रात्र आठवते. 2015 नंतर घर घेतलेल्याला काहीच आठवत नाही, आणि भाडेकरूला सभेत मत नाही. या चौघांपुढे ध्रुवावरच्या बर्फाची चित्रं लावून ठराव होत नाही.

"शंभर वर्षांतून एकदा" याचा हिशोब मात्र एकदा स्पष्ट करा, कारण अडतं तिथेच. त्याचा अर्थ दर वर्षी 1 टक्का शक्यता एवढाच. यंदा आला म्हणून पुढची 99 वर्षं सुट्टी मिळत नाही. 30 वर्षांच्या काळात असा पाऊस एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे 26 टक्के भरते. आणि स्टिल्टमध्ये पाणी यायला 26 जुलै लागतच नाही. त्या दिवशी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला, कुलाब्याला जेमतेम 73. तुमचं स्टिल्ट सांताक्रूझच्या त्या आकड्याच्या पाव पावसातही भरतं. दहा वर्षांतून एकदा येणारा पाऊस धरला, तर पुढच्या सहा वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता 47 टक्के, म्हणजे जवळपास छापा-काटा. शिवाय ही सगळी गणितं जुन्या नोंदींवरची. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं, त्यामुळे जुन्या नोंदींतला दहा वर्षांचा पाऊस आता दहा वर्षं थांबेल असं धरून चालू नये.

त्याहून मोठा घोळ आठवणीत असतो. "2005 ला पाणी पायरीला लागलं होतं" असं कुणी सांगतं, तेव्हा ती पायरी तेव्हाच्या रस्त्याच्या मानाने होती. त्यानंतर रस्त्यावर डांबराचे थर चढले, मग काँक्रीट झालं. रस्ता एक फूट वर गेला असेल तर तुमचं जोतं एक फूट खाली गेलं, इमारत जागची हलली नाही तरी. जगाचा समुद्र सरासरी वर्षाला तीन-साडेतीन मिलिमीटर चढतोय, वीस वर्षांत सातेक सेंटिमीटर. तुमच्या गेटसमोरचा रस्ता त्याच्या कितीतरी पट वेगाने चढला असणार. म्हणून "तेव्हा एवढ्या पावसात नाही आलं, आता कसं येईल" या वाक्याला अर्थ उरत नाही.

तेव्हा पहिलं काम मोजमापाचं. गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल पाईप (पाणी भरून पातळी जुळवायची नळी) घ्या, सोबत एक माणूस आणि खडू. लिफ्टसमोरच्या लादीला शून्य धरा. तिथून वर-खाली किती, हे सेंटिमीटरमध्ये लिहीत जा: गेटबाहेर रस्त्याचा मधला उंचवटा, गेटचा उंबरा, स्टिल्टचा सगळ्यात खोलगट कोपरा, जमिनीखालच्या टाकीच्या झाकणाची कड, पंपाची मोटर, मीटर केबिनमधल्या सर्वात खालच्या मीटरचा तळ, तळमजल्याच्या घरांची लादी, त्यांच्या बाथरूमची नहाणी (पाणी जायचं जाळीचं तोंड), आणि बाहेरच्या गटाराच्या शेवटच्या चेंबरचं झाकण. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर मोजमाप चुकतं, म्हणून प्रत्येक मोजणीआधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतंय का बघा. जुन्या पुराच्या खुणा भिंतीच्या रंगाखाली, मीटर केबिनच्या दारावर, लिफ्टच्या खड्ड्यात सापडतात. तोंडी आठवणींपेक्षा त्यांच्यावर भरवसा ठेवा.

मग हे सगळे आकडे खालून वर एका कागदावर मांडा. जुन्या इमारतींत क्रम बहुधा असा निघतो: आधी लिफ्टचा खड्डा, मग टाकीचं झाकण, मग पंपाची मोटर, मग खालच्या ओळीतले मीटर, आणि त्यानंतर कुठे तळमजल्याच्या घरांची लादी. हा कागद सभेत फिरवला की सातव्या मजल्यावरच्यांना पाणी दिसायला लागतं. पाणी सातव्या मजल्यावर चढत नाही हे खरं. पण मोटर बुडाली की सातव्या मजल्याचा नळ कोरडा, टाकीत गटाराचं पाणी गेलं की पिण्याचं पाणी बंद, मीटर गेले की लिफ्ट बंद. सत्तरीतल्या माणसाला सात जिने चढायचे असतील तर पुराचा फटका तळमजल्यापेक्षा त्यालाच जास्त दिवस बसतो.

तरीही कुणी "तळमजल्याचा खर्च तळमजल्याने करावा" म्हणालंच, तर गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी (सोसायटीची नियमावली) उघडा. लिफ्टच्या देखभालीचा खर्च सगळ्या सभासदांनी सारखा वाटून घ्यायचा असतो, लिफ्ट वापरा किंवा नका वापरू. तळमजल्यावरची सहा घरं इतकी वर्षं तो भरतायत. या मुद्द्यापुढे सहसा वाद चालत नाही.

आता पाच फुटी भिंत. माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. भिंतीवरचा पाण्याचा एकूण रेटा उंचीच्या वर्गाने वाढतो. दोन फूट पाणी अडवणाऱ्या भिंतीवर दर मीटर लांबीला सुमारे 180 किलोचा रेटा येतो, पाच फुटांवर तोच 1,100 किलोच्या वर जातो. भिंत उलथवणारा जोर तर सुमारे पंधरापट होतो. नऊ इंची विटांची कंपाउंड भिंत यासाठी बांधलेली नसते. ती पडते ती एकदम, आणि आतल्या गाड्यांवर पडते. शिवाय भिंत फक्त रस्त्यावरून येणारं पाणी अडवते. चेंबरमधून उलटं येणारं पाणी आणि आकाशातून तुमच्याच प्लॉटवर पडणारं पाणी आतच साठतं. पूर्ण बंद केलेली सोसायटी ही टाकी होते.

पाणी कोणत्या वाटेने येतं हे आधी ओळखायला हवं, आणि इथे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे. एक साधी चाचणी आहे. कोरड्या दिवसांत, पौर्णिमा किंवा अमावस्येनंतरच्या एक-दोन दिवसांत मोठ्या उधाणाची वेळ भरतीच्या तक्त्यात बघा. खाडीच्या टोकाला भरती मुंबई बंदरापेक्षा थोडी उशिरा येते, म्हणून वेळेच्या तासभर आधीपासून नंतर दीड तासापर्यंत शेवटच्या पावसाळी चेंबरचं झाकण काढून पाणी बघत राहा. आकाश कोरडं असताना चेंबरमध्ये पाणी चढलं, तर तुमचं गटार खाडीशी जोडलेलं आहे आणि भरतीच्या दोन-तीन तासांत त्यातून पाणी बाहेर जाणार नाही. चढलं नाही, तर अडचण बहुधा नाल्याच्या क्षमतेची किंवा गाळाची, आणि ती भरतीची वाट बघत नाही. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला ही चाचणी करू नका, काहीच दिसणार नाही. कोळीवाड्यात कुणी ओळखीचं असेल तर तक्त्याआधी त्यांना विचारा. नवी मुंबईतल्या वाचकांसाठी: सिडकोच्या नोडमध्ये मध्ये धारण तलाव असतात आणि खाडीच्या तोंडाला झडपा. भरतीला झडपा मिटतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला बाहेर जातं. तलाव गाळाने भरला असेल किंवा झडपेत कचरा अडकला असेल तर तुमच्या गल्लीतलं गटार कितीही साफ असो, पाणी तुंबतं. तिथे सोसायटीने पाठपुरावा गटाराचा नव्हे, तलावाचा आणि झडपेचा करायचा असतो.

कामांचा क्रम मी असा लावेन. सगळ्यात आधी मीटर. खालची ओळ मोजलेल्या सर्वात उंच पाणखुणेच्या किमान दीड-दोन फूट वर न्यायची. मीटर स्वतः हलवता येत नाहीत, महावितरणकडे अर्ज आणि परवानाधारक विद्युत ठेकेदार लागतो, त्यामुळे हे काम हिवाळ्यात सुरू करा. त्याच ठेक्यात पंपाची मोटर उंच ओट्यावर घ्या. मोटर उचलली की ओढ वाढते, म्हणून पाण्याच्या पातळीपासून पंपापर्यंतची उभी उंची सहा मीटरच्या आत ठेवा आणि फूटव्हॉल्व्ह (ओढ पाईपच्या तळाची झडप) बदला. टाकीच्या झाकणाची कड फूटभर उंच बांधा, झाकणाला रबर गॅस्केट लावा. टाकीचा ओव्हरफ्लो पाईप विसरू नका. झाकण सीलबंद आणि ओव्हरफ्लो उघडा, म्हणजे गटाराचं पाणी मागच्या दाराने आत. इतकं करूनही पाणी गेलंच तर टाकी उपसून घासायची, भरायची, दर 1,000 लिटरला सुमारे 200 ग्रॅम ब्लीचिंग पावडर (25 टक्के क्लोरीनची) कालवून 24 तास ठेवायची, ते पाणी टाकून द्यायचं, मग वापर सुरू.

दुसरं काम मैलावाहिनीचं, आणि सगळ्यात जास्त चुका इथे होतात. तळमजल्याच्या नहाणीतून आणि कमोडमधून घाण पाणी उलटं येतं म्हणून प्लंबर सोसायटीच्या शेवटच्या चेंबरमध्ये एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवून मोकळा होतो. बाहेरून येणारं पाणी थांबतं, हे बरोबर. पण झडप मिटलेली असताना वरच्या सगळ्या मजल्यांचं पाणी जाणार कुठे? ते त्याच चेंबरमध्ये साचतं आणि सगळ्यात खालच्या तोंडातून, म्हणजे तळमजल्याच्याच कमोडमधून वर येतं. आता पूर नाल्याचा नसून शेजाऱ्यांचा. उपाय असा की तळमजल्याच्या सहा घरांची मैलावाहिनी वेगळी काढून त्या शाखेवरच एनआरव्ही बसवायची, आणि वरच्या मजल्यांची उभी लाईन मधल्या चेंबरशिवाय थेट पुढे न्यायची. झडप मिटलेली असताना त्या सहा घरांनी आपलं पाणी वापरायचं नाही, एवढी शिस्त पाळावी लागते. एनआरव्हीपर्यंत हात पोचेल असं झाकण ठेवा. चिंधी किंवा प्लास्टिक अडकून झडप अर्धवट उघडी राहणं हे नेहमीचं, म्हणून पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून साफ करायची.

गेटसाठी फळ्या पुरतात. दोन्ही खांबांना लोखंडी सी-चॅनल, त्यात खाली-वर सरकणाऱ्या 19 मिलिमीटर मरीन प्लायच्या किंवा ॲल्युमिनियमच्या फळ्या, खाली आणि कडांना रबर. उंची दोन फूट, त्याहून जास्त नको. भिंतीतली पाणी जायची भोकंही या उंचीपर्यंत बुजवायची, आणि भिंत एवढा रेटा घेईल का हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून घ्यायचं. दोन फुटांवर पाणी गेलं तर ते आत येऊ द्या. तोवर मीटर, पंप, टाकी सुरक्षित असतात आणि गाड्या हलवायला वेळ मिळालेला असतो.

फळ्या लागल्या की आतलं पाणी तुमचं. हिशोब सोपा आहे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. प्लॉट 1,500 चौरस मीटर धरा आणि तासाला 50 मिलिमीटर पाऊस. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला 25 मिलिमीटरच्या हिशोबाने बांधलेल्या होत्या, नंतरच्या आराखड्यात तो आकडा 50 केला गेला. सगळीकडे लादी आणि काँक्रीट असेल तर तासाला 75,000 लिटर आत साठणार. यातलं गच्चीवरचं पाणी पंपाकडे येऊच देऊ नका. गच्ची 600 चौरस मीटरची असेल तर 30,000 लिटर तीच देते, आणि तिच्याकडे सात मजल्यांची उंची फुकट आहे. गच्चीचे पाईप आतल्या चेंबरमध्ये मोकळे सोडलेले असतात, ते खालपर्यंत सीलबंद करून थेट बाहेरच्या पावसाळी गटारात न्या. रस्त्यावर पाणी असलं तरी ते स्वतःच्या दाबाने बाहेर पडतं. सांधे मात्र दाब झेलणारे हवेत, नाहीतर स्टिल्टमध्ये कारंजं होतं. उरले 45,000 लिटर, म्हणजे सेकंदाला साडेबारा. पाच-सहा मीटर हेडवर, म्हणजे पाणी तेवढं वर ढकलताना, एवढं देणारे दोन पंप घ्या, प्रत्येक एकटा पुरेल असा. पाटीवरचा मोठा आकडा बघून घेऊ नका, तो जवळपास शून्य हेडचा असतो. दुकानदाराकडे पंपाचा आलेख मागा. एक पंप डिझेलचा हवाच, कारण पाणी भरल्यावर वीज तुम्ही स्वतःच बंद करणार आहात. तो उघड्यावर चालवायचा. बंदिस्त जागेत त्याच्या धुराने माणूस मरतो. आणि पाण्याचा पाईप फळीच्या बाहेर, उताराच्या बाजूला सोडा. गेटजवळच सोडला तर तुम्ही तेच पाणी गोल फिरवत बसता.

शोषखड्डे आणि पर्जन्यजल संधारण चांगलंच आहे, पण खाडीजवळ ऑगस्टमध्ये भूजल फूट-दोन फुटांवर असतं. मोठ्या सरीत त्या खड्ड्यावर भिस्त ठेवू नका.

आता इशाऱ्यांबद्दल. "रेड अलर्ट दिला आणि ऊन पडलं" हा विनोद दरवर्षी होतो, आणि त्यामुळे खरा इशाराही कुणी मनावर घेत नाही. हवामान खात्याचा इशारा जिल्ह्यासाठी असतो, आणि ठाणे जिल्हा शहापूरपर्यंत आहे. शिवाय "अत्यंत मुसळधार" म्हणजे 24 तासांत 204.4 मिलिमीटरच्या वर. तेवढा पाऊस दिवसभर सारखा पडला तर तासाला नऊ मिलिमीटरही होत नाही. तोच तीन तासांत, भरतीच्या वेळी पडला तर स्टिल्ट भरतं. म्हणून इशाऱ्याचा उपयोग फक्त तयारीसाठी करा: ऑरेंज किंवा रेड आला आणि त्या दिवशी साडेचार मीटरच्या वरची भरती असेल, तर फळ्या गेटजवळ, डिझेल भरलेलं, पंप एकदा चालवून बघितलेला. प्रत्यक्ष कृती मात्र रस्त्यावरच्या खुणेवर. गेटच्या खांबावर रंगाने तीन पट्टे मारा. पहिल्या पट्ट्याला फळ्या लागतात आणि लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर नेऊन बंद होते. दुसऱ्याला गाड्या बाहेर काढणं थांबतं, कारण पाण्यातून नेलेल्या गाडीच्या इंजिनात पाणी ओढलं गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि विम्यात इंजिनाचं वेगळं कव्हर नसेल तर तो खर्च तुमचा. तिसऱ्याला खालच्या भागाची वीज बंद. कुणी काय करायचं ते पद लिहून ठरवा, चाव्या वॉचमनकडे, आणि वॉचमन बदलला की नव्याला त्याच दिवशी दाखवा. रात्री तीन वाजता अध्यक्षांना फोन लावून परवानगी घ्यायची वेळ येऊ नये.

सभेत "रिडेव्हलपमेंट होणारच आहे" हा मुद्दा येणार. तो चुकीचा नाही. म्हणूनच भिंतीत पैसे गाडू नका म्हणतोय. पंप आणि फळ्या तशाच पुढे वापरता येतात. मीटर आणि टाकीचं काम पाच वर्षांसाठीही परवडतं. मैलावाहिनी वेगळी करण्याचं काम मात्र विकासकाशी करार झाला असेल तर पुढे ढकललं तरी चालेल, तोवर तळमजल्याच्या नहाण्यांना स्क्रूवाले प्लग ठेवा. कमोडला असा प्लग बसत नाही, तिथे वाळूची गोणी हाच उपाय.

ठरावासाठी एक सल्ला. पुराचा विषय एकटा मांडू नका. सातव्या मजल्याचाही एक धोका आहे, ज्याला अजून कुणी धोका म्हणत नाही: गच्चीची स्लॅब. किनारपट्टीवर 37 अंशांच्या वर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त तापमान गेलं की हवामान खातं उष्णतेची लाट धरतं. दमट हवेत त्याआधीच अंगाला त्रास होतो. खारघरला 16 एप्रिल 2023 रोजी भर दुपारच्या उघड्यावरच्या सोहळ्यात उष्माघाताने माणसं दगावली, तेव्हाही पारा चाळिशीला पोचलेला नव्हता. गच्चीला पांढरा परावर्तक थर दिला तर वरच्या घरांचं छत कमी तापतं. गच्चीची गळती दुरुस्ती सोसायटीच्याच खर्चाची असते, तेव्हा वॉटरप्रूफिंगबरोबरच हे करता येतं. एकाच ठरावात खाली पंप आणि वर पांढरी गच्ची ठेवा, दोन्हीकडचे हात वर होतात. पैसा दुरुस्ती निधीतून, आणि इमारतीच्या विम्यात पूर आहे का, विम्याची रक्कम बांधकाम खर्चावर धरली आहे का, हेही त्याच बैठकीत तपासा.

तारखेचं मात्र सांभाळा. आपल्याकडे सगळी कामं 7 जूनला, मृग लागायच्या बेतात संपवायची सवय आहे. 2025 मध्ये मोसमी पाऊस मुंबईत 26 मे रोजीच आला आणि अर्धवट खोदलेली गटारं तशीच भरली. तुमची मुदत 15 मे धरा. त्या दिवशी स्टिल्टच्या खोलगट कोपऱ्यात टँकरने पाणी सोडून दोन्ही पंप अर्धा तास चालवा आणि फळ्या लावायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून बघा. दहापेक्षा जास्त लागली तर चॅनलमध्ये रंगाचे थर साचलेत. ते खरवडून ग्रीस लावा आणि पुन्हा लावून बघा.